चढता सूर आणि रिकामा खड्डा

१

खड्डा रिकामा होता.

लालासाहेबकाकांनी गुडघे टेकून तळातली माती बोटांनी चाचपली. मग उपसलेला ढीग आम्ही चाळणीतून चाळला. चाळणीत खडे राहिले, हराळीच्या मुळ्या राहिल्या, एक काचेचा तुकडा राहिला. पुरलेली सोन्याची पुतळी नव्हती.

"अंजे, मशीन पुन्हा फिरव," काका म्हणाले.

मी हेडफोन कानाला लावले आणि काठीच्या टोकाचं तारेचं वेटोळं खड्ड्यावरून, मग मातीच्या ढिगावरून फिरवलं. कानात एकसुरी शिट्टी वाजत राहिली. ना चढली, ना उतरली. थोड्या वेळापूर्वी याच जागी ती कोकिळेसारखी वर गेली होती. काकांनी ती ऐकली होती, मी ऐकली होती, आणि हेडफोनचा एक कान आपल्या कानाशी धरून साताऱ्याच्या नाथाजीरावांनीही ऐकली होती.

हे यंत्र आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत जन्मलं. काका लढाईत सुरुंग शोधणाऱ्या पलटणीत हवालदार होते. इटलीत कानाला फोन लावून त्यांनी मैलोन्‌मैल रस्ते साफ केले आणि हातपाय शाबूत घेऊन ते परत आले. मी विश्रामबागच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते. लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालातून काकांनी रेडिओचे व्हॉल्व्ह आणि तारा आणल्या, आणि आम्ही दोघं कामाला लागलो. लष्कराचं यंत्र भाकरीएवढा सुरुंग शोधायचं. आम्हाला नखाएवढं नाणं शोधायचं होतं, आणि शिवाय ते लोखंड आहे की सोनं, हेही जमिनीवरूनच ओळखायचं होतं. म्हणून वेटोळं लहान केलं. डब्यात विजेचं एक आंदोलन, म्हणजे कंपन, वेटोळ्यात दुसरं, आणि त्या दोहोंतला फरक शिट्टी होऊन कानात यायचा. लोखंड जवळ आलं की आमची शिट्टी उतरायची. सोनं, चांदी, तांबं आलं की चढायची. एवढ्या एका गोष्टीसाठी आमचा सबंध पावसाळा गेला.

नाथाजीरावांकडे कर्नाटकाच्या हद्दीतल्या काही ओढ्यांचा ठेका होता. तिथल्या वाळूत सोन्याचे कण सापडतात असं ते सांगत. यंत्र पसंत पडलं तर तशी आणखी यंत्रं ते बनवून घेणार होते. त्यांच्यासमोर परीक्षा चोख व्हावी म्हणून मी एक अट घातली होती. नाणं पुरणाऱ्याने शोधायचं नाही आणि शोधणाऱ्याने पुरायचं नाही.

पुरायला अंबूकाकू तयार झाल्या. त्यांच्या आईच्या माळेतली एक पुतळी, म्हणजे कागदासारखं पातळ, वर बाईची आकृती उठवलेलं सोन्याचं नाणं, त्यांनी आदल्या संध्याकाळी एकटीने जाऊन रानात पुरली. आज सकाळी काकांनी रान पालथं घातलं, शिट्टी चढली तिथे थांबले, आणि बांधावरून काकू म्हणाल्या, "व्हय, हितंच."

मग खणलं. आणि आत काहीच नाही.

नाथाजीरावांनी उपरण्याने मान पुसली. "खणलं कुणी?"

सगळ्यांच्या नजरा कुदळीवर गेल्या, आणि कुदळीवरून बिराप्पाच्या हातावर.

२

बिराप्पा आटपाडीकडचा मेंढपाळ. दरसाल पिकं निघाली की मेंढरं घेऊन उसाच्या मुलखात उतरायचा. ऊस तुटून गेलेल्या आमच्या रानात तो मेंढरं बसवायचा. जाळीचं कुंपण, ज्याला ते वाघर म्हणतात, रोज थोडं पुढे सरकवायचं, म्हणजे सगळ्या रानाला सारखं खत मिळतं. बदल्यात त्याला जोंधळे मिळायचे. त्याचा आजाही इथेच बसवायचा.

काका लढाईवर होते तेव्हा काकू घरात एकट्या असायच्या. त्या वर्षांत बिराप्पा ठरल्यापेक्षा जास्त दिवस रानात थांबायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि काकूंनी कधी विचारलं नाही.

"झडती घ्या," नाथाजीराव म्हणाले. "मशीन आहेच की हातात!"

काकांचा चेहरा उतरला. बिराप्पाने मात्र घोंगडी खाली टाकली आणि दोन्ही हात पसरले.

"फिरवा, हवालदार. माज्यात सुरुंग हाय का बगा."

काकांनी वेटोळं फिरवलं. कमरेपाशी शिट्टी उतरली. लोकर कातरायची कात्री. मनगटापाशी चढली. चांदीचं कडं. दोन्ही काढून ठेवल्यावर बिराप्पा डोक्यापासून पायापर्यंत गप्प होता.

"आता तुमी," बिराप्पा नाथाजीरावांना म्हणाला.

"मी?"

"खड्ड्याच्या काठाला तुमीबी हुता की. का मशीन धोतर बगून वाजतंय?"

मला हसू आवरेना. नाथाजीरावांनी लाल होत अंगठी काढली, घड्याळ काढलं, बंडीतली सुटी नाणी काढली. तेही गप्प निघाले. मी, काकू, सगळ्यांची झडती झाली. बिराप्पाची बायको सुलाबाई मघाशी मेंढीच्या दुधाचं ताक देऊन गेली होती, तिलाही बोलावलं. नथ आणि जोडवी काढून तीही उभी राहिली, काही उचललं का विचारल्यावर 'न्हाई' म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला खाली बघावं लागलं.

"सांगलीची मोटार दुपारून आहे," नाथाजीराव म्हणाले. "तोवर पुतळी मिळाली नाही तर जाता जाता फौजदारांकडे वर्दी देणार. ज्या घरात चोरी दाबली जाते, त्या घराशी मी व्यवहार करत नाही."

बिराप्पाने घोंगडी खांद्यावर टाकली. "वर्दी द्या न्हाईतर नगा दिऊ. माजी मेंढरं आता ह्या रानात बसायची न्हाईत."

"आरं गड्या, मी कुठं तुला काय म्हनलो?" काका म्हणाले.

"तुमी काय म्हनला न्हाईसा, हवालदार. त्येच तर."

तो वाघरीकडे चालू लागला आणि पहिली मेख उपटली.

३

तो आज निघून गेला असता तर या पंचक्रोशीत कायमचा चोर ठरला असता. पुढच्या साली त्याची मेंढरं कुणी आपल्या रानात बसवून घेतली नसती. तो थांबला असता तर फौजदार होते. मोटार येईपर्यंत जे काय करायचं ते करायला हवं होतं.

"मशीनच खोटं बोललं असेल," नाथाजीराव म्हणाले. त्यांना हे म्हणणं सोयीचं होतं. "मेंढरांच्या मुताने माती खारट झालेली. विजेचा खेळ तो. वाजलं असेल उगाच."

शंका अडाणीपणाची नव्हती. मेंढरं कालच जिथून उठली होती त्या ओल्या पट्ट्यात मी यंत्र घेऊन गेले. तिथे शिट्टी किंचित चढली खरी, पण हळूहळू, आणि पट्टा संपेपर्यंत तशीच राहिली. खड्ड्यापाशी ती एका हाताच्या अंतरात एकदम चढून एकदम मूळ सुरावर आली होती. खारट जमीन अशी टोकदार बोलत नाही. लहान वस्तूच बोलते. शिवाय जागा काकूंनी दाखवलेलीच होती.

म्हणजे खणायला लागेपर्यंत सोनं तिथे होतं. खणून झाल्यावर नव्हतं. मधल्या वेळात ते खड्ड्यातून बाहेर आलं आणि ढिगातही राहिलं नाही.

त्या वेळात मी बॅटरीच्या डब्यापाशी. काकांचे दोन्ही हात काठीला. नाथाजीराव वाकून बघत उभे. काकू बांधावर. सुलाबाई ताकाची चरवी आणि एक पाटी घेऊन आली आणि गेली. बिराप्पा खणत होता.

मी त्याच्यामागे गेले. तो मेखा उपटत होता.

"बिराप्पादादा, खणताना काय काय निघालं?"

"माती."

"आणखी?"

"ढेकळं. हराळी. काच. शेणखत. आनी काय निगतंय रानात, ताई? मोती?"

"चमकलेलं काही?"

"चमाकलं आसतं तर मीच वरडलो आसतो की, घावली म्हनून." त्याने मेख खांद्यावरच्या जुडीत टाकली. "तुजा काका शिट्टी वाजल्यावर पोरावानी हसला. त्या हसन्यासाटनं खनत हुतो मी."

मी त्याच्या बिऱ्हाडाकडे वळले. 

४

सुलाबाई बिऱ्हाडापाशी तट्टावर सामान लादत होती. नाथाजीराव माझ्या आधीच तिथे पोचले होते, यंत्र धरलेल्या काकांना घेऊन. पण बिऱ्हाडात पितळेचे हंडे, तवा, उलथनं, मेंढरांच्या घंटा. शिट्टी क्षणात वर, क्षणात खाली. आमची सारी हुशारी तिथे निकामी होती.

"ती करंडी उघडा," नाथाजीराव म्हणाले.

करंडीत त्यांचा बिरोबा होता. भंडारा आणि देव. सुलाबाई करंडीपुढे उभी राहिली.

"देवाची झडती?" ती म्हणाली. "घ्या की. पर आदी तुमच्या घरचा देव हितं आना, त्येची घिऊ, मग माज्या देवाची."

काकांनी हेडफोन काढले. "न्हाई उगडायची. आमच्या घरचा मामला हाय, नाथाजीराव. मी म्हनतो न्हाई."

नाथाजीराव फणफणत बांधाकडे गेले. मी सुलाबाईला हंडा उचलायला हात लावला. तिने लावू दिला. तेवढ्यात मला ती गवरी दिसली.

बिऱ्हाडापासून जरा दूर, उन्हात एका सपाट दगडावर थापलेली. ओली. पाचही बोटं उमटलेली.

"मावशी, ही कधी थापली?"

"मगाशी. ताक दिऊन आले तवा."

"वाळायला किती दिवस?"

"ह्या थंडीच्या उनात? चार दिस तरी." मग तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. "गवरीवरबी मशीन चालवा आता!"

मी उभी राहिले. चार दिवसांनी वाळणारी गवरी तिने मघाशी थापली होती. म्हणजे पुतळी नाहीशी झाली त्यानंतर. ज्याला सोनं लांबवून निघायचं असतं, तो चार दिवसांनंतरचं जळण थापत बसत नाही. गवरी थापताना सुलाबाईच्या मनात इथून हलायचंच नव्हतं. तिला काही माहीत नव्हतं, आणि बिराप्पाने काही केलं असतं तर त्याने तिला आवराआवर करायला सांगितलं असतं.

मी हे बांधावर जाऊन नाथाजीरावांना सांगितलं. ते पोट धरून हसले.

"फौजदारांपुढे शेणाची साक्ष काढणार का, बाई?"

हसू दे, म्हटलं. पण परत येताना पाय आपोआप मंदावले. त्या गवरीत आणखी काहीतरी होतं. मेंढीची लेंडी थापली जात नाही, आणि बसवलेल्या मेंढरांची लेंडी रानाच्या मालकाची असते. तिला मेंढपाळाची बायको जळणासाठी हात लावत नाही, हा या लोकांचा शिरस्ता. तट्टाच्या लिदीची अशी गुळगुळीत गवरी होत नाही. ते गाईचं शेण होतं.

आणि बिराप्पाकडे गाय नव्हती.

या रानाच्या आसपास एकच गाय होती. ती आमच्या गोठ्यात, दावणीला.

५

अंबूकाकू चुलीपुढे बसल्या होत्या. भाकरी तव्यावर करपत होती आणि त्या बघत नव्हत्या. सकाळपासून त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. पुतळी गेल्याचं दुःख, असं मी समजले होते.

मी भाकरी उलटली. "काकू, पुतळी खड्ड्यात नुसतीच ठेवली होती ना? मी सांगितलं होतं तशी?"

काकूंनी फुंकणी उचलली, ठेवली.

"काकू."

"तुज्या शास्तराला काय फरक पडतोय गं?" त्या एकदम म्हणाल्या. "शिट्टी वाजली का न्हाई?"

"वाजली. मी रागावत नाही. मला फक्त सांगा."

"माज्या आईची पुतळी. कदी भुईला टेकू दिली न्हाई तिनं. सोनं म्हंजे लक्षुमी, पायात घालत न्हाई आपुन, आनी तू म्हनतीस मातीत उगडी टाका." त्यांचे डोळे भरले. "शिवाय भुईला दिलेलं भुई परत करंल का, सांग? मग मी गाईच्या शेणाचा गोळा केला. मुठीएवडा. त्येच्या पोटात घातली पुतळी, आनी गोळा पुरला. शेण पवित्र. मातीचा इटाळ न्हाई."

"आणि आम्ही शोधत होतो तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू बजावलं हुतंस, नुसतं नानं, काय गुंडाळायचं न्हाई. म्हनलं, मी सांगितलं की त्यो साताऱ्यावाला म्हनंल परीक्षा खोटी, आनी ह्यांचं मशीन गेलं. लढाईवरनं आल्यापासनं ह्या मानसाला म्या पैल्यांदा असं हसताना बगितलं, अंजे. आनी मला वाटलं, गोळा खनताना फुटला आसंल, पुतळी बाह्येर पडली आसंल, कुनी उचलली. शेणाचं काय, शेण गेलं मातीत."

ती अट मी घातली होती, कारण जुनी नाणी जमिनीत उघडीच सापडतात. ज्या घरात सोनं कमरेच्या खाली घालत नाहीत, तिथल्या बाईला मी ते उघड्या मातीत पुरायला सांगितलं होतं. त्याचा विचार माझ्या अटीत नव्हता.

"चला," मी काकूंचा हात धरला. "बिराप्पादादांनी तट्टं हाकायच्या आत."

"भाकरी जळंल!"

"जळू दे."

६

मेंढरं रस्त्याला लागण्याच्या बेतात होती. बिराप्पाने पुढच्या तट्टाची दोरी धरली होती. काका वाटेत उभे होते. बांधावर नाथाजीराव घड्याळ बघत होते.

"मावशी," मी धापा टाकत विचारलं, "त्या गवरीचं शेण कुठलं?"

सुलाबाई चिडली. "अगं बया, शेणाचीबी चोरी लागली का आता? खड्ड्याच्या कडंला पडलं हुतं. ह्यांनी मातीसंगं उपसून बाजूला फेकलं. गाईचं शेण दिसलं, टाकलं पाटीत. मेंढराचं न्हवतं, म्हंजे रानाच्या मालकाचं न्हवतं. भुसकट कालिवलं आनी थापलं."

"मघाशी आम्ही विचारलं, काही उचललं का, तेव्हा सांगितलं नाहीत."

"शेण उचलनं म्हंजे काय उचलनं हाय का?"

ती खरं बोलत होती. कुणालाच ते उचलणं वाटलं नव्हतं. बिराप्पाने मला 'शेणखत' म्हणून सांगितलंही होतं, आणि मी ते मातीत जमा धरलं होतं. रानात शेण पडलेलं दिसावं आणि बाईने ते उचलावं, यात बघण्यासारखं काय असतं?

"थापताना हाताला काही लागलं?"

सुलाबाई थबकली. "बारीक खडा लागला. म्हनलं आसंल." तिचा हात हळूच तोंडाकडे गेला. "आई गं."

काकांनी यंत्र उचललं. दगडाजवळ हंडे नव्हते, तवा नव्हता. त्यांनी हेडफोन कानाला लावले नाहीत. ते बिराप्पाकडे गेले, त्याचं मुंडासं जरा मागे सारलं आणि फोन त्याच्या कानावर चढवले.

"तू ऐक," काका म्हणाले. "पैल्यांदा तू."

नाथाजीराव पुढे सरसावले होते, ते मागेच राहिले.

काकांनी वेटोळं गवरीवर नेलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त बिराप्पाचं तोंड बघत होते. आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. मग भुवया वर गेल्या. मग, एवढा मोठा दाढीवाला माणूस, मेंढरं हाकणारा, तो चक्क तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"पाखरू वरडतंय की ह्यात!"

काकूंनी गवरी उचलली आणि मोडली. आत शेणात, भुसकटाच्या काड्यांत, सोनेरी कड दिसली. पुतळीवरची बाई जराशी वाकली होती, पण होती. काकूंनी ती पदराला पुसली, कपाळाला लावली, आणि सुलाबाईच्या गळ्यात पडल्या. दोघींच्या लुगड्यांना शेण लागलं.

"यंत्र पक्कं आहे, हवालदार," नाथाजीराव खाकरून म्हणाले. "गवरीतून सोनं काढतं म्हणजे काय! आपण बोलू या."

"बोलू," काका म्हणाले. "आदी तुमी त्येच्याशी बोला."

नाथाजीरावांना ते जड गेलं. पण ते बिराप्पापुढे आले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "माझं चुकलं." बिराप्पाने हेडफोन काढून काकांकडे दिले. नाथाजीरावांकडे बघून नुसती मान हलवली.

मग काका पुढे आले. "बिराप्पा, मी तुज्या अंगावरनं मशीन फिरवलं. माजा हात फिरला. इतक्या वर्सांची वळख असून फिरला. आता तू जा म्हनशील तर मी वाट सोडतो. पर ऱ्हा, गड्या."

 मेंढरं वळून वळून बघत होती. तट्टावर हंडे बांधलेले, मेखांची जुडी बांधलेली, वाघर गुंडाळलेली. बिराप्पाने दोरी या हातातून त्या हातात घेतली. काका उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

काकूंनी हातातलं मोडलेलं शेण टाकायला हात मागे नेला.

"आवं, आवं! टाकताय कुटं?" सुलाबाई ओरडली. "पुतळी तुमची, शेण माजं हाय. द्या हिकडं."

तिने ते काकूंच्या हातातून घेतलं, दोन्ही तळव्यांत मळलं, गोळा केला, आणि त्याच दगडावर, त्याच जागी, सपकन थापलं. पाचही बोटं पुन्हा उमटली.

"वली हाय अजून," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "चार दिस तरी ऊन खाऊ द्या तिला."

बिराप्पाने गवरीकडे बघितलं. मग त्याने तट्टाची दोरी सोडली आणि मेखांची जुडी खाली टाकली.